‘परत एकदा सांग ना’ : कविता आणि गोष्टी वाचून दाखवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुलांना रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून दाखवा, कविता म्हणून दाखवा, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही. त्यातली सहा निवडलीयत, काही लांबलचक होती ती थोडी कापलीयत, नावं सगळ्यांचीच काढलीयत. मी 28 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि आता दर शनिवारी एका वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते, या सगळ्यात जे बघितलंय त्यावरून उत्तरं देतेय.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला मराठी यावं म्हणून मी मोबाईलवर मराठी बडबडगीतं लावून देते, रोज तासभर तरी होतंच. तो टक लावून बघतो पण एक ओळ म्हणत नाही. प्लेस्कूलमधल्या इंग्लिश राइम्स मात्र ॲक्शनसकट म्हणतो. त्याला मराठीची आवडच नाही असं समजायचं का?
– एक आई, पिंपरी

ताई, आवडीचा प्रश्नच नाहीये हा, आणि खरं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, ते ‘ॲक्शनसकट’ म्हणालात ना तिथे. शाळेतली राइम त्याला कोणी दिली? टीचरने, समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यात बघत, हात हलवत, त्याने चुकीचं म्हटलं तरी हसून परत म्हणत. आणि मराठी गाणं दिलं मोबाईलने, जो त्याच्याकडे बघत नाही, थांबत नाही, तो हसला काय आणि उठून गेला काय, पुढेच जातो. मग जिवंत माणसाकडून आलेली भाषा त्याने उचलली आणि स्क्रीनवरची नुसती बघितली, यात त्याचं काय चुकलं?

यावर एक प्रयोग झालाय, 2003 साली प्रसिद्ध झाला. पॅट्रिशिया कूल नावाच्या संशोधिकेने अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसून पुस्तकं दाखवत, खेळत, बोलत होती आणि काही बाळांना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, 12 वेळा. माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना चिनीतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले, टीव्हीवाल्यांना काहीच फरक पडला नाही. भाषा तीच, वेळ तेवढाच, फरक फक्त समोरच्या माणसाचा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते, आणि हे आज आंघोळीनंतर टॉवेलने पुसतानाच करून बघा. त्याचा तळहात उघडा धरा, आपलं एक बोट त्यावर टेकवत टेकवत म्हणा, ‘इथे इथे बस रे मोरा, बाळ घाली चारा, चारा खा, पाणी पी...’ आणि इथे थांबा. बोट हवेत तसंच ठेवा, त्याच्याकडे बघा, काही बोलू नका. एक, दोन, तीन सेकंद. मग ‘भुर्रकन उडून जा!’ आणि बोट थेट काखेत. पहिल्या दिवशी तो नुसता खिदळेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही थांबलात की तो अंग आक्रसून वाट बघायला लागेल, आणि मग एक दिवस तुमच्या आधी तोच ‘भुर्र’ म्हणेल. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. पुढे काय येणार हे त्याला माहिती असतं आणि ती जागा आपण त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली असते. मोबाईल ती जागा कधीच ठेवत नाही.

आपल्या जुन्या बडबडगीतांमध्ये बघा, जवळजवळ प्रत्येकात हाताला काहीतरी काम आहे. आपडी थापडी गुळाची पापडी म्हटलं की टाळ्या, अडगुलं मडगुलं म्हणत तीट लावायची, चांदोबा भागलास का म्हणायला गॅलरीतच जावं लागतं. अर्थ कशालाच फारसा नाही, अडगुलं मडगुलं म्हणजे काय हे मुलाला कोणी सांगत बसत नाही आणि कोणाचं काही अडत पण नाही. ‘गुलं’ ‘गुलं’ असा एक आवाज परत परत येतो तो कानाला गोड लागतो, आणि शब्द म्हणजे अशा छोट्या छोट्या आवाजांचे बनलेले असतात हे मुलाला न सांगता कळतं. पुढे पहिलीत अक्षरं समोर येतात तेव्हा तोच कान उपयोगी पडतो.

मोबाईलवरची गाणी एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ती तुम्ही शिकण्यासाठी ऐका. चाल विसरलात तर बघून घ्या, मग मोबाईल ठेवून द्या आणि तुम्ही म्हणा. आवाज चांगला नाही वगैरे मनात आणू नका, त्याच्या दृष्टीने आईचा आवाज हाच चांगला आवाज आहे. आणि एक विनंती, पाहुणे आले की ‘म्हणून दाखव बरं काकूंना’ हे करू नका. त्याने गाणं परीक्षेसारखं धरलं की ते गेलंच.

माझी नात पाच वर्षांची आहे. गेला महिनाभर रोज रात्री भोपळ्यातल्या म्हातारीचीच गोष्ट हवी म्हणते. मी नवी पुस्तकं आणून ठेवलीत, हात लावत नाही. एखादा शब्द बदलला तर रागावते. मुलगा म्हणतो, बाबा तिला काहीतरी नवीन द्या, अशाने ती मागे पडेल.
– एक आजोबा, कराड

आजोबा, सांगत राहा. अगदी तीच, त्याच शब्दांत.

ती रागावते याचा अर्थ गोष्टीतला एकेक शब्द तिच्याकडे जागेवर बसलाय, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे! ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन’ यात जाईन, खाईन, होईन असं एकामागून एक येतं, वाघाला एकदा सांगितलं, मग कोल्ह्याला, आणि दर वेळी तेच. हे कोणी व्याकरण म्हणून शिकवलं असतं तर तिला कंटाळा आला असता, आणि गोष्टीत मात्र ती स्वतःहून मागून घेतेय. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यात वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या मुलांपेक्षा त्याच गोष्टी परत परत ऐकलेल्या मुलांच्या लक्षात नवे शब्द जास्त राहिले होते. तुमच्या मुलाला हे सांगा, म्हणजे त्याची काळजी जरा कमी होईल.

मात्र तुम्ही हळूहळू मागे सरका. ‘चल रे भोपळ्या’ एवढंच म्हणा आणि ‘टुणूक टुणूक’ तिला म्हणू द्या. मग वाघ तुम्ही व्हा, म्हातारी तिला करा. मला वाटतं पंधरा दिवसांत गोष्ट तीच तुम्हाला सांगायला लागेल. नवी पुस्तकं उशाशी असू द्या, त्यांचा विषयच काढू नका, म्हातारी लेकीकडून नीट घरी पोचली की तिचा हात आपोआप तिकडे जाईल.

मी सातवीपर्यंत शिकलेय. आमच्या घरी अहिराणी बोलतात. मुलगी दुसरीत आहे, शाळेत सांगितलं की घरी वाचून घ्या, पण मी अडखळत वाचते आणि माझे उच्चार पण गावाकडचे आहेत. मी वाचून दाखवलं तर तिची भाषा बिघडेल का? त्यापेक्षा शिकवणी लावू का?
– एक आई, जळगाव जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बिघडणार नाही. अजिबात बिघडणार नाही. आणि हे तुम्ही जळगावहून विचारताय म्हणून मला जास्तच वाटलं, कारण तुमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, 1880 सालचा जन्म, शाळेत कधी गेल्या नाहीत, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना त्यांच्या तोंडून ओव्या निघायच्या, त्यांचा मुलगा सोपानदेव वगैरे घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, आणि पुस्तक निघालं 1952 मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर. ‘अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला, देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला.’ यात ‘झाडाला’ नाहीये, ‘झाडाले’ आहे. ते ‘ले’ काढून तिथे ‘ला’ घालून म्हणून बघा, लगेच कळेल काय गेलं ते. त्यांची बोली लेवा गणबोली, तुमच्या अहिराणीहून थोडी वेगळी, पण तुमच्या मुलीच्या कानाला ती माझ्यापेक्षा नक्कीच जवळची वाटेल. ओळीतली अक्षरं बोटांवर मोजायला लावा तिला, प्रत्येक तुकड्यात आठ येतात, मुलांना हे मोजायला फार आवडतं.

मुलांच्या डोक्यात ‘माले’ आणि ‘मला’ दोन्ही सुखाने राहतात. ‘माले’ घरातलं आणि ‘मला’ पुस्तकातलं, एवढं त्यांना चौथ्या-पाचव्या वर्षीच कळायला लागतं. अडचण तेव्हा येते जेव्हा घरातला शब्द उच्चारायची लाज वाटायला लागते, मग मूल गप्पच होतं. माझ्या वर्गात अशी मुलं बघितलीयत मी, यायचं सगळं, पण चुकेल म्हणून तोंडच उघडायची नाहीत. त्यामुळे गोष्ट आधी अहिराणीत सांगा, मोकळी, हातवारे करून, तुमच्या आईने तुम्हाला सांगितली तशी. मग तीच किंवा तसली गोष्ट पुस्तकात असेल तर ती पुस्तकातून वाचा. ओळखीची गोष्ट वाचायला तुम्हालाही सोपी जाईल.

अडखळण्याचं म्हणाल तर एक करा. दुपारी मुलगी शाळेत असताना तेच पान एकदा एकटीने मोठ्याने वाचून ठेवा. सुरुवातीला दर पानावर दोन-तीन ओळी असलेली चित्रांची पुस्तकंच घ्या. रात्री ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचा, अडलात तर लपवू नका, ‘थांब गं, हा शब्द बघू दोघी मिळून’ म्हणा. मुलगी दुसरीत आहे म्हणजे जोडाक्षरांशी तिचीही मारामारी चाललेली असणार. आईसुद्धा अडते, मागे जाते, परत वाचते आणि मग जमतं, हे तिने बघितलं तर शब्द अडला म्हणून पुस्तक मिटायचं नसतं हे तिला तिथेच कळेल. शिकवणीत हे बघायला मिळत नाही.

आणि घरात सासूबाई किंवा आई असतील तर त्यांच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवाच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज पारीच्या, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या वेबसाइटच्या संग्रहात गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकायला मिळतात. त्या गाणाऱ्यांमध्ये शाळेत न गेलेल्या कितीतरी जणी आहेत. मुलीला सांगा, आजीला विचार तुला कोणती ओवी येते, आणि ती म्हणत असेल तेव्हा तू लिहून घे. दुसरीतल्या मुलीला यापेक्षा चांगलं शुद्धलेखन मी तरी देऊ शकले नसते.

मी जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. मुलं कविता एका सुरात ओढून म्हणतात, सगळ्या कवितांना तीच चाल. शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरं पाठ होतात पण कविता कोणाला आवडलीय असं वाटत नाही. 40 मिनिटांच्या तासात पोर्शन संपवून आणखी काय करू शकते?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

मॅडम, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या एका सुराबद्दल. पाठांतराला मी वाईट म्हणणार नाही, पाठ केलेली कविता जन्मभर पुरते. पण तो सूर येतो कुठून हे बघा. मनाचे श्लोक 205 आहेत आणि ते सगळे भुजंगप्रयात वृत्तात आहेत, म्हणून एक चाल सगळ्यांना चालते. मुलं घरी, शाळेत, स्पर्धेत ते ऐकतात आणि तीच चाल दुसऱ्या कवितेलाही ओढून लावतात, जिथे तिचं माप बसत नाही तिथे शब्द ताणतात, आणि मग बालकवी काय, बहिणाबाई काय, सगळेच एकसारखे ऐकू येतात. तेव्हा चाल मोडायची म्हणून मुलांना ओरडू नका, प्रत्येक कवितेला स्वतःची चालण्याची पद्धत असते हे त्यांच्या कानावर पडू द्या. त्यासाठी तासातली पहिली 10 मिनिटं, पाच दिवस, तीच कविता. उरलेल्या 30 मध्ये तुमचा पोर्शन होतो, मी करून बघितलंय.

मी बालकवींची ‘औदुंबर’ घ्यायचे. फक्त आठ ओळी आहेत. पहिल्या दिवशी पुस्तकं बंद, डोळे मिटा म्हणायचे आणि दोनदा वाचायचे, सावकाश. एकही शब्दार्थ नाही, काय कळलं हेही विचारायचं नाही, ‘चला, आता गणित’. मुलं चक्रावतात, ‘बाई, प्रश्न?’ म्हणतात. प्रश्न नाहीत आज.

दुसऱ्या दिवशी कागद वाटायचे. मी एकेक ओळ वाचायची, त्यांनी काढायचं. आता ‘ऐल तटावर पैल तटावर’ आलं की अडतात, तर मी खिडकीच्या बाजूला उभी राहून म्हणायचे हे ऐल, आणि समोरच्या भिंतीकडे हात करून, ते पैल. बास. मग झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतं, आणि ती पांढरी पायवाट ‘अडवीतिडवी’. या शब्दाला वर्गात हमखास हसू येतं आणि सगळ्यांची पेन्सिल आपोआप वाकडीतिकडी चालायला लागते. एका मुलाने शेवटच्या ओळीला औदुंबराला दोन पाय काढले होते, चड्डी गुडघ्यापर्यंत वर केलेली आणि पाय पाण्यात. बाकीची पोरं हसली. मी कविता उघडून शेवटची ओळ परत वाचली, ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ सगळे गप्प झाले. बालकवींनी लिहिलंय तेच त्याने काढलं होतं, वर्गात त्या एकट्याने ओळ खरी ऐकली होती. ते चित्र वर्षभर भिंतीवर होतं. आणि त्यानंतर कितीतरी दिवस पोरं एकमेकांना ‘माझं दप्तर पैल बाकावर दे’ म्हणत होती, शब्दार्थ लिहून दिला असता तर तो शब्द वहीतच राहिला असता.

तिसऱ्या दिवशी ओळी वाटून घ्यायच्या, कोणी हळू, कोणी कुजबुजत, झऱ्याची ओळ वाहती आणि ‘काळ्या डोहाकडे’ आलं की आवाज खाली. इथे तो एकसुरी सूर स्वतःच गळून पडतो, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी मी एखादा शब्द गाळून वाचायचे, ‘निळा... झरा वाहतो’, इथे काय बसेल? पांढरा, गार, छोटा, लांबडा, काय वाटेल ते येतं. मग परत ‘सावळा’ म्हणून बघायचं. मुलं स्वतः म्हणतात की बाई, सावळाच पाहिजे. का ते त्यांना सांगता येतंच असं नाही, मीही खोदून विचारत नसे. एवढं झाल्यावर पाचव्या दिवशी प्रश्नोत्तरं घ्या, पटापट होतील, कारण आता कविता त्यांच्याकडे आहे.

एक अजून करा. हजेरी घेताना रोज तुम्हाला आवडलेल्या चार ओळी नुसत्या म्हणा, अभ्यासक्रमाबाहेरच्या. त्यावर काहीही विचारू नका. कविता ही मोठी माणसं स्वतःच्या आनंदासाठी पण म्हणतात, हे आपल्या बऱ्याच मुलांनी कधी बघितलेलंच नसतं, आणि शाळेत ते दाखवणाऱ्या तुम्हीच आहात. कवितेचा अर्थ लगेच सांगून टाकला की मुलाला ती परत वाचायचं काही कारण उरत नाही, हे मला फार उशिरा कळलं, पहिली कितीतरी वर्षं मीही आधी फळ्यावर शब्दार्थच लिहीत होते.

आम्ही म्युनिकला राहतो. मुलगी सात वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. मराठी पुस्तक काढलं की पळते. आजी पुण्यात आहे, तिला फार वाईट वाटतं.
– एक बाबा

दादा, समजतं ही अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे, तेव्हा ‘मराठीत बोल’ हे तूर्त बंद करा. पुस्तक आजीच्या हातात द्या. म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक पुण्यात आणि एक तुमच्याकडे, रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने वाचायचं आणि नातीने इकडे पान उलटायचं. वर पिंपरीच्या ताईंना मी स्क्रीनबद्दल जे लिहिलं ते इथे लागू होत नाही बरं का, कारण आजी समोरून उत्तर देते. अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर मुलं नवे शब्द शिकली, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत.

आणि पुस्तकाआधी कोडी घ्या. ‘कोकणातून आला भट, धर की आपट’, उत्तर एकच शब्द, नारळ. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’, आकाशातल्या चांदण्या आणि चंद्र. ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून बघितली तर मोत्यांनी भरली’, भेंडी. पूर्ण वाक्य बोलायचं ओझं नाही, एक शब्द बोलून जिंकता येतं. आठवड्याने तिला म्हणा, आता आजीला तू घाल. कोडं घालायचं तर मराठीतच घालावं लागेल, जर्मनमध्ये त्याचं यमक जुळणारच नाही! पुस्तकं मिळत नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुम्ही लहानपणी वाचलेला एखादा अंक शोधा, तिला दाखवा की बाबा हे वाचायचे.

मुलगा अकरा वर्षांचा झाला. आत्तापर्यंत रोज रात्री मी त्याला वाचून दाखवायचे, आता म्हणतो ‘मला येतं वाचता, मी काय बाळ आहे का.’ स्वतः मात्र वाचत नाही, गेम खेळतो. धाकटी पाच वर्षांची आहे. त्याच्यासाठी वाचणं थांबवू का?
– एक आई, ठाणे

नका थांबवू, पण जागा बदला. वाचता येतं म्हणून वाचून दाखवणं बंद, ही चूक आपल्याकडे खूप घरांत होते आणि ती पण नेमकी कधी, तर दुसरी-तिसरीत, जेव्हा मूल एकेक अक्षर लावत वाचत असतं आणि त्याला गोष्टीतली मजा यायला अजून वेळ असतो. कानाने समजणारी भाषा ही डोळ्याने वाचता येणाऱ्या भाषेच्या किती तरी पुढे असते. तुमच्या मुलाला जे पुस्तक स्वतः वाचायला जड जाईल ते तुम्ही वाचलंत तर तो गुंगून ऐकेल, शिकारीचं, समुद्रावरचं, भुताचं. विंदा करंदीकरांना 2003 सालचं ज्ञानपीठ मिळालं, त्यांनी मुलांसाठी भुतांच्या चांगल्या खट्याळ कविता लिहून ठेवल्यात, अकरा वर्षांच्या मुलाला ‘बाळगाणी’ नको असतात पण भूत चालतं.

त्याला तुम्हाला वाचून दाखवू दे हेही करून बघा. तुम्ही पोळ्या करताय, हात पिठाचे आहेत, ‘अरे कालच्या मॅचचं काय लिहिलंय पेपरात, वाच ना जरा’, असं. खरी गरज असली की मुलं वाचतात, मुद्दाम वाचायला लावलेलं त्यांना बरोबर ओळखू येतं. तो एखाद्या कवितेचं विडंबन करत असेल, शाळेतल्या सरांवर ओळी जुळवत असेल तर रागावू नका, यमक जुळवायला डोकं लागतं. गाडीतून जाताना भेंड्या लावा आणि त्याच्यावर ‘ळ’ आणा, बघा कसा पेटतो.

आणि आज रात्री त्याला काही विचारूच नका. धाकटीला घेऊन बसा, पण पुस्तक जरा मोठ्यांचं घ्या, त्याला आवडेल असं, आणि त्याच्या खोलीचं दार उघडं आहे ना तेवढं बघून वाचायला लागा.